तपासली म्हणजे तपासली

आमच्या भावोजींना हॉस्पिटलात सगळे 'म्हणजेकाय' म्हणायचे. तोंडावर 'मिस्त्री', पाठ फिरली की 'म्हणजेकाय'. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे. आणि हे नाव ठेवलं कोणी? मी. त्यांच्या सख्ख्या मेहुण्यानं. तेव्हा मला स्वतःची हुशारी फार वाटली होती.

त्यांना काहीही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला. 'मिस्त्री, लिफ्ट जरा आवाज करतेय.' 'जरा म्हणजे काय? चढताना की उतरताना? घासल्यासारखा की आपटल्यासारखा?' 'मिस्त्री, मी आत्ताच आलो.' 'आत्ताच म्हणजे किती वाजता?' समोरचा वैतागून जायचा. त्यांना साधं 'बरं आहे ना?' विचारायची सोय नव्हती. ते थांबून खरंच विचार करायचे आणि सांगायचे, 'पोट बरं आहे. गुडघा नाही.' शब्दाचा कीस काढणं म्हणतात ते या माणसाकडून शिकावं.

ताईला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. आमच्या वडिलांनी विचारलं, 'मग, मुलगी पसंत आहे ना?' तर हे म्हणाले, 'पसंत म्हणजे काय?' सगळ्यांचे चेहरे पडले. मामा तर उठून चपला शोधायला लागले. भावोजी शांतपणे म्हणाले, 'मी त्यांना पंधरा मिनिटं पाहिलंय. पंधरा मिनिटांत आवडल्या, एवढं सांगू शकतो. पसंत म्हणजे जन्मभराचं म्हणत असाल, तर त्यांनाही विचारा.' आतून ताईचं हसू ऐकू आलं आणि लग्न ठरलं. ताई पुढे म्हणायची, मला विचारायला हवं हे सुचलेला तो एकटाच माणूस होता त्या खोलीत.

ही खोड त्यांना जन्मापासूनची नव्हती. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापर्यंतच होती. विशीत ते एका कारखान्यात होते. तिथल्या जोडीदारानं सांगितलं, 'मशीन बंद आहे, घाल हात.' यांनी घातला. जोडीदाराच्या 'बंद आहे'चा अर्थ होता, 'बंद कर असं मी कोणाला तरी सांगितलंय'. वाईट माणूस नव्हता बिचारा. स्वतःचा सदरा फाडून त्यानंच पट्टी बांधली. पण त्या दिवसापासून भावोजींनी कानाला खडा लावला. शब्द कानावर आला की तो उघडून आत काय आहे ते बघायचं, मगच हात घालायचा.

हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम त्यांच्याकडे आलं त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. पाच वर्षांनी त्यांनी मला चिकटवून घेतलं. तळघरात आमची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर नटबोल्टचे पाने लटकवलेले, कोपऱ्यात ग्रीसचा डबा, आणि टेबलावर नोंदवही. रोज सकाळी आठच्या आत वहीत लिहायचं : दारं तपासली. खाली सही. सही मिस्त्रीची, म्हणजे त्यांची.

दारांचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागच्या बाजूची सामानाची लिफ्ट जुनी होती. सहा मजले, आणि प्रत्येक मजल्यावर बाजूला सरकवायचं लोखंडी दार. लिफ्ट समोर येऊन थांबली की दाराचं कुलूप आपोआप सुटायचं. लिफ्ट समोर नसेल तेव्हा दार हलता कामा नये, कारण दारामागे तेव्हा नुसती पोकळी. खालपर्यंत.

आता ही दारं तपासायची कशी? भावोजींनी नोंदवहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. दरवर्षी नवी वही आली की पहिलं काम हे. 'दारं तपासली म्हणजे : लिफ्ट त्या मजल्यावर नसताना, जिन्याने तिथे जाऊन, दाराची मूठ धरून तीनदा जोराने ओढली. दार हलले नाही. असे सहाही मजल्यांवर.' दोन बोटं तुटकी असूनही अक्षर कसं, छापल्यासारखं.

सहा मजले जिन्यानं, रोज! माझ्या जिवावर यायचं. दुसऱ्या हॉस्पिटलांतली लिफ्टची माणसं मला ओळखीची होती. ती काय करत? लिफ्टमध्ये बसायचं, खालपासून वरपर्यंत एक फेरी मारायची, दारं उघडतात-मिटतात बघायचं, आणि लिहायचं, तपासली. मी भावोजींना एकदा म्हणालो, 'अहो, जग चालतंय ना असंच? शब्द म्हणजे चपलेसारखा असतो. जरा सैल झाला की पायाला बरा पडतो. तुम्ही आपले घट्ट बूट घालून बसलाय.'

ते म्हणाले, 'सैल चपला घालून सहा मजले जिना चढून दाखव.'

मी हसलो. ते हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केलेलाच नव्हता.

चौथ्या मजल्यावर एक मावशी होती. मावशी म्हणजे वॉर्डातली आया. हॉस्पिटलात सगळ्या आयांना मावशीच म्हणतात. फक्त भावोजी म्हणत नसत. 'माझ्या आईला बहीण नव्हती,' म्हणायचे. ते तिला 'बाई' म्हणायचे, अहोजाहो करायचे. तिला त्याचा राग नव्हता, उलट तिला चेष्टेला विषय मिळाला होता. 'ये रे म्हणजेकाया,' ती त्यांना तोंडावर म्हणणारी एकटीच, 'सकाळी सकाळी आलास का माझं दार ओढायला? चहा घे अर्धा कप. आता अर्धा म्हणजे काय विचारशील तर कप डोक्यात घालीन!' ते निमूट चहा घ्यायचे. एकदा ती म्हणाली, 'तुझ्या आईला बहीण नव्हती, मला भाऊ-बहीण कोणी नाही. मग झाले मी तिची बहीण. तुझं काय जातंय?' भावोजींनी यावर बराच विचार केला. चहा संपला तरी त्यांना उत्तर सापडलं नाही. खाली येताना मला म्हणाले, 'ती म्हणते त्यात काहीतरी आहे रे.' तरी दुसऱ्या दिवशी 'बाई'च.

तिच्याकडे मळक्या चादरींची ट्रॉली असायची. तिचं पुढचं चाक अडायचं, त्यामुळे ढकलली तर आडवी व्हायची. म्हणून मावशी ती ओढायची, पाठमोरी. एका हातानं ट्रॉली धरायची, दुसरा हात मागे नेऊन न बघताच दार सरकवायची, आणि उलटी चालत लिफ्टमध्ये शिरायची. वीस वर्षांची सवय. डोळे ट्रॉलीवर, पाठ लिफ्टकडे.

मग भावोजींचा गुडघा गेला. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर जिना नाही. म्हणजे जिना माझ्या वाट्याला. मी रोज चढून खाली आलो की यांची उलटतपासणी सुरू. 'तपासली? म्हणजे काय केलंस? तिसऱ्या मजल्यावर असताना लिफ्ट कुठे होती? तीनदा ओढलंस की दोनदा?' आठवडाभर ऐकलं. रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो, तिथे मी भडकलो. भरल्या ताटावर. म्हणालो, 'बावीस वर्षं झाली, मी काय चोर आहे? माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही तुमच्या लेखी?'

ताईनं माझीच बाजू घेतली. म्हणाली, 'अहो, बाहेरच्या जगाला विचारा हवं तेवढं. माझ्या भावाला नका विचारू. त्याच्या शब्दावर तुमचा विश्वास नसेल, तर तो माझ्यावरही नाही असं धरेन मी.'

भावोजींनी तोंड उघडलं. 'विश्वास म्हणजे' इथपर्यंत आले असणार ते, मला त्यांच्या ओठांवरून कळलं. मग ताईकडे बघितलं आणि मान खाली घातली. 'बरं. नाही विचारणार.' आणि जेवले.

सोमवारी मी सहा मजले चढलो. मंगळवारीही चढलो, खोटं कशाला बोलू. मंगळवारी दुपारी मावशीनं मला जिन्यात गाठलं. 'अरे, ते चौथ्याचं दार जरा सैल लागतंय बघ हाताला.' मी म्हणालो, 'बघतो.'

बघतो! आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय ते लहान मुलालाही ठाऊक आहे. तिलाही असणारच. तिनं मला सांगितलं, कारण भावोजी वर येत नव्हते. ते असते तर लगेच विचारलं असतं, 'जरा म्हणजे किती? वरून सैल की खालून?' आणि तिनं चिडून हातानं करून दाखवलं असतं, आणि झिजलेलं कुलूप त्याच दुपारी निघालं असतं. त्या प्रश्नांना आम्ही सगळे हसलो होतो. त्या प्रश्नांमुळे माणसं जगत होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

बुधवारी सकाळी मी गेटवर ओळखीच्या एका ड्रायव्हरशी गप्पा मारत बसलो. कशाबद्दल, तेही आठवत नाही. आत आलो तेव्हा आठला पाच कमी होती. लिफ्टमध्ये शिरलो, फेरी मारली. सगळी दारं छान उघडली, छान मिटली. खाली आलो.

भावोजी पाय स्टुलावर ठेवून बसले होते. पेन उघडून हातात. 'तपासली?'

'तपासली.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. घामाचा टिपूस नव्हता माझ्या अंगावर, सहा मजले चढून आलेल्या माणसाच्या. ते त्यांना दिसलं असेल का? मी आजही ठरवू शकत नाही. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी वही पुढे ओढली आणि सही केली.

दहा चाळीसला मावशी पडली. ट्रॉली वरच राहिली, दारात अडकून. म्हणून लोकांना आधी कळलंच नाही. ट्रॉली आहे आणि मावशी नाही, म्हणून तिला वॉर्डात शोधत होते. आम्ही तळघरात होतो. आवाज आम्ही ऐकला होता. मला वाटलं, कोणीतरी चादरींचं गाठोडं टाकलं.

पुढचं मी सांगत नाही. जेवढं सांगायचं तेवढं बास आहे.

तिला नेल्यावर भावोजी उठले. मी अडवलं, डॉक्टरांची आठवण दिली. ऐकलं नाही. कठड्याला धरून एकेक पायरी करत सहाही मजले चढले. प्रत्येक दार ओढलं. तीन वेळा. पाच दारं हलली नाहीत. चौथ्याचं पहिल्याच ओढीला सरकलं. मूठ हातात तशीच धरून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, 'तपासली म्हणजे काय केलं होतंस?'

माझी पाचावर धारण बसली होती. म्हणालो, 'फेरी मारली होती.'

'बरं,' ते म्हणाले. ओरडले असते, कानाखाली दिली असती, तर मी वाचलो असतो.

गुरुवारी प्रशासनाच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. दार लावून घेतलं, पाणी विचारलं, फार गोड बोलले. म्हणाले, 'चौकशीला बाहेरून मॅडम येतायत. घाबरायचं कारण नाही. फक्त एक लक्षात ठेवा. तपासली हा शब्द आपल्याकडे ढोबळ अर्थानं वापरतात. साधारण नजर टाकली, फेरी मारली, याला तपासली म्हणायची पद्धत आहे. असं ठरलं तर कोणा एकाचा दोष राहत नाही. पद्धतीतली त्रुटी ठरते. सगळ्यांना एकेक समज देऊन विषय संपतो. नाहीतर मिस्त्री, ती सही खोटी ठरेल. नोकरी जाईल, आणि खटला होईल तो वेगळाच.'

भावोजी म्हणाले, 'पहिल्या पानावर लिहिलंय.'

'पहिलं पान कोण वाचतंय हो? जुनं असेल काहीतरी.'

घरी ताईनं त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. 'सत्तावीस वर्षं ताणलंत, आता एकदा सैल सोडा. ती बाई काही परत येणार नाही. एका शब्दापायी तुरुंगात जाल का?' मीही तेच म्हणालो. वर आणखी चार मुद्दे घातले. जगातले निम्मे शब्द सैलच असतात, सैल नसते तर माणसं एकमेकांशी बोलूच शकली नसती, मावशी तरी कुठे कोणाची मावशी होती? मी छान बोलत होतो. माणूस स्वतःची कातडी वाचवायला निघाला की किती छान बोलतो! ताई मान डोलावत होती. तिला एवढंच ठाऊक होतं की दारं तपासायची राहिली आणि सही झाली. कोणी राहू दिली, ते तिनं विचारलं नाही आणि भावोजींनी सांगितलं नाही.

चौकशी दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत झाली. लांब टेबल, वर पंखा, मॅडमच्या समोर आमची नोंदवही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मावशीची मुलगी बसली होती. पंचविशीची असेल. मांडीवर आईची पिशवी घेऊन बसली होती, डब्याची.

आधी मला विचारलं. 'तुमच्या विभागात दारं तपासली याचा अर्थ काय?' मी म्हणालो, 'मॅडम, साधारणपणे फेरी मारून बघतात. त्यालाच तपासली म्हणतात.' म्हणताना मी टेबलाकडे बघत होतो.

मग भावोजींना. 'तुम्हालाही हेच म्हणायचंय?'

'नाही.'

साहेब खोकले. भावोजी म्हणाले, 'एकच अर्थ आहे. पहिल्या पानावर आहे, माझ्या अक्षरात.'

मॅडमनी पान उलटलं, मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, 'त्या दिवशी असं केलं होतं का?'

'नाही.'

'मग सही?'

'माझी.'

'पण तुम्हाला तर जिना चढायची मनाई होती. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी येऊन तुम्हाला सांगितलं असेल ना, तपासली म्हणून?'

आता हा माणूस, ज्यानं जन्मात एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, तो काय सांगणार ते उघड होतं. भावोजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, 'सांगितलेलं मी विचारून घ्यायचं असतं. रोज विचारत होतो. त्या दिवशी विचारलं नाही. सहीच्या जागी एकच नाव आहे, तेच धरा.'

हीच वेळ होती. उठून फक्त 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर. त्याला सैल अर्थ नाही की घट्ट अर्थ नाही. मी उठलो नाही.

मॅडम लिहीत होत्या. साहेब म्हणाले, 'एकंदरीत फारच दुर्दैवी घटना.' तेव्हा कोपऱ्यातून ती मुलगी बोलली. 'सगळे मला हेच सांगतायत. दुर्दैवी घटना, दुर्दैवी घटना. म्हणजे काय झालं माझ्या आईला?'

भावोजी टेबलाला धरून उठले, तिच्यासमोर गेले. म्हणाले, 'चौथ्या मजल्याच्या दाराचं कुलूप झिजलं होतं. लिफ्ट तळाशी असताना दार उघडलं. बुधवारी सकाळी ते ओढून बघितलं असतं तर कळलं असतं. ओढून बघितलं नाही. बघितलं, असं मी लिहून दिलं. म्हणून मावशी गेल्या. यात दैव कुठेच नाही.'

मावशी म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा.

मुलीनं त्यांच्या तुटक्या बोटांकडे बघितलं, मग तोंडाकडे. मला वाटलं थुंकेल. ती म्हणाली, 'कोणीतरी नीट सांगितलंत.' आणि पिशवी छातीशी धरून रडायला लागली. आठ दिवसांत ती रडली नव्हती म्हणे.

नोकरी गेली. खटला दोन वर्षं चालला, आठ महिन्यांची शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली. सुटून आले तेव्हा निम्मे झाले होते. गुडघा कायमचा आखडला. त्यांच्या जागी मिस्त्री कोण झालं असेल? मीच. रोज सहा मजले जिन्यानं चढतो. प्रत्येक दार तीनदा ओढतो. पहिल्या पानावरचा मजकूर दरवर्षी नव्या वहीत उतरवतो. माझं अक्षर त्यांच्यासारखं येत नाही. यानं काही फिटत नाही, हे मला ठाऊक आहे.

सगळ्यात वाईट काय झालं सांगू? त्यांनी 'म्हणजे काय' विचारणं सोडलं. ताई म्हणते, 'थोडं जेवता का?' ते म्हणतात, 'बरं.' ती म्हणते, 'जरा वेळानं औषध देते,' तर 'बरं.' किती थोडं, कसला जरा, काही नाही. परवा ती स्वयंपाकघरात पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, 'एकदा तरी विचारा म्हणावं रे. मला तो वैताग परत हवाय.'

मग आम्ही बाहेरच्या खोलीत आलो. भावोजी खिडकीजवळ, पाय स्टुलावर ठेवून. ताई त्यांच्या पायावर चादर नीट करत होती. करता करता, वर न बघता, मला म्हणाली, 'कितीदा मनात येतं, विचारीन विचारीन म्हणते. तेव्हा जिना तूच चढायचास ना? त्या बुधवारी दारं तू तपासली होतीस ना रे?'

भावोजींनी मान वर केली. कितीतरी महिन्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, 'हो ताई. तपासली होती.'

आणि थांबलो. देवाशपथ सांगतो, वाट बघत थांबलो. त्यांनी विचारावं. ताईसमोर, मोठ्यानं, दोनच शब्द. मग मी सगळं ओकलो असतो, सुटलो असतो. त्यांचे ओठ हलले, त्या सकाळसारखेच. मग त्यांनी वाकून चादर सारखी करणाऱ्या ताईकडे बघितलं.

'बरं,' ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.